डोळ्यांतला उजेड

कऱ्हाड तालुक्यातील एका महाविद्यालयात मी गेली 19 वर्षे इंग्रजी साहित्य शिकवते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला कवितांची तुलना कशी करावी हे समजावताना मी शिकारी प्राण्यांवरच्या तीन कविता नेहमी एकत्र घेते: विल्यम ब्लेकची 1794 सालची ‘द टायगर’, रायनर मारिया रिल्केची ‘द पँथर’ ही मूळ जर्मन कविता इंग्रजी अनुवादात, आणि टेड ह्यूजची 1960 सालच्या संग्रहातली ‘हॉक रूस्टिंग’. ब्लेक वाघाला प्रश्न विचारत राहतो, रिल्के पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या गजांपलीकडे पाहतो, आणि ह्यूजच्या कवितेत झाडाच्या शेंड्यावर बसलेला ससाणा स्वतःच बोलतो. फळ्यावर ‘साम्य’ आणि ‘भेद’ असे दोन रकाने पाडून हा पाठ मी इतक्या वेळा शिकवला होता की त्यात नवे काही सापडेल असे मला वाटत नव्हते.

तो दिवस जानेवारीतला होता. ऊसतोड जोरात चालू असल्यामुळे वर्ग निम्माच भरला होता, आणि मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उघड उघड पेंगत होता. मी त्याला उभे केले. “मॅडम, रात्रीची लाईट होती, दारं धरायला गेलो होतो. बांधावर बिबट्या आला,” तो म्हणाला. शेतीपंपाला वीज रात्रीच होती, म्हणून तो उसाला पाणी द्यायला गेला होता. आमच्या भागात ही गोष्ट अपूर्वाईची नाही. बिबट्याची मादी उसात पिल्ले घालते, तोडणी सुरू झाली की ती पिल्ले मजुरांना सापडतात, आणि आईने येऊन त्यांना न्यावे म्हणून वनखात्याची माणसे पिल्ले क्रेटमध्ये घालून त्याच जागी रात्रभर ठेवतात. वर्ग त्याच्याकडे वळून ऐकू लागला होता, तरीही मी त्याला “आपण कवितेवर बोलतो आहोत, ते नंतर सांग,” असे म्हणून खाली बसवले. ही माझी चूक होती, आणि ती दहाच मिनिटांत माझ्या लक्षात आली.

ब्लेकच्या दुसऱ्या कडव्यात वाघाच्या डोळ्यांतली आग कोणत्या दूरच्या खोल तळाशी किंवा आकाशात पेटली होती, असा प्रश्न आहे. मुळात ही सारी कविताच प्रश्नांची आहे. सहा कडव्यांत कवी एकही उत्तर देत नाही, आणि पहिले कडवे शेवटी पुन्हा येते तेव्हा त्यातला फक्त एक शब्द बदलतो: वाघाला घडवणे कुणाला ‘शक्य होते’ याऐवजी ते करण्याचे ‘धाडस’ कुणाला झाले, असे तो विचारतो. मी वर्गाला विचारले, “ही आग कुठून आली असेल?” देवाकडून, लोहाराच्या भट्टीतून, अशी गाइडमधली उत्तरे आली. मग त्याच मुलाने हात वर केला. “मॅडम, बॅटरीतनं.”

वर्ग हसला, पण तो मुलगा गंभीर होता, आणि या वेळी मी त्याला पूर्ण बोलू दिले. खोऱ्याने दार मोडून पाणी पुढच्या सरीला लावत असताना त्याला पाचट वाजल्याचे ऐकू आले. त्याने त्या दिशेने बॅटरी मारली, तर उसाच्या कडेला हिरवट-पिवळे दोन दिवे लागले. हात थरथरला, झोत खाली चिखलात गेला, आणि त्याच क्षणी दिवे विझले. “जनावर तिथंच हुतं. मी बॅटरी वर केली की पेटायचं, खाली केली की अंधार. त्याच्या डोळ्यात उजेड नसतोय मॅडम, आपला आपल्याला माघारी येतोय.”

मांजरकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो आणि त्यामुळे त्यांना अंधूक उजेडात चांगले दिसते, हे मी शाळेत शिकले होते. परंतु ही माहिती आणि ती ओळ मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. ब्लेकच्या वाघाच्या डोळ्यांतली आग विचारणाऱ्याच्या हातातल्या दिव्याची असेल, तर सहा कडव्यांत उत्तर का येत नाही हे मला प्रथमच उलगडल्यासारखे वाटले. फळ्यावरचे दोन्ही रकाने पुसून मी वर एकच प्रश्न लिहिला: उजेड कुठून येतो आणि कुठे जातो?

त्या प्रश्नाने पुढचा पाऊण तास तिन्ही कविता आमच्यापुढे नव्याने उघडल्या. रिल्केची कविता नजरेपासूनच सुरू होते. गज ओलांडून ओलांडून ती नजर इतकी थकली आहे की तिच्यात आता काही टिकत नाही. शेवटच्या कडव्यात बुबुळावरचा पडदा क्वचित आवाज न करता वर सरकतो, एक प्रतिमा आत जाते, ताणून स्थिर झालेल्या अंगातून उतरते आणि हृदयाशी पोचून नाहीशी होते. म्हणजे ब्लेककडे उजेड डोळ्यांतून बाहेर येतो, तर रिल्केकडे तो आत जातो आणि परत येत नाही. जर्मन भाषेतला ‘पँथर’ म्हणजे बिबट्याच, हे सांगितल्यावर तो मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पिंजऱ्यातल्याचं डोळं मी बघितलंय. वनखात्याच्या गाडीत. त्यात असंच हुतं.” माझ्या मते या तिघांत रिल्केची कविता सर्वांत थोर आहे, आणि तिच्या बाजूने इतकी नेमकी साक्ष मी कुठल्याही समीक्षेत वाचलेली नाही.

ह्यूजच्या ससाण्याकडे वळलो तेव्हा पहिल्याच ओळीत त्याचे डोळे मिटलेले आहेत हे एका मुलीने दाखवून दिले, आणि शेवटच्या कडव्यात सूर्य त्याच्या पाठीमागे आहे हे दुसरीने. याला कुणी उजेड दाखवू शकत नाही. सूर्यसुद्धा त्याच्या मागे उभा आहे.

तास संपत आला असताना त्या मुलाने विचारले, “आपल्यात वाघाची कविता नाही का?” मी शंकराच्या व्याघ्रांबराच्या, देवीच्या वाहनाच्या ओव्या आठवू लागले, पण वर्गानेच मला थांबवले. वसुबारसेला गुराखी पोरे गाई-म्हशी ओवाळताना म्हणतात ते दिवाळीचे गाणे सगळ्यांना पाठ होते. त्यात पोर माईकडे खोबऱ्याची वाटी मागते आणि वाघाच्या पाठीत काठी घालण्याची हमी देते. त्यात डोळे नाहीत, आग नाही, प्रश्न नाही. तो मुलगा म्हणाला, “पाठच दिसाय पायजे मॅडम. तोंड दिसलं तर गाणं कोण म्हणतंय?”

त्याच्या गटाची लाईट त्या रात्री पुन्हा दहाला येणार होती, म्हणून तो पाचच्या एसटीने गेला. जाताना कवितांचा कागद मागून घेतला. आजीला त्या गाण्याची आणखी कडवी येतात, ती लिहून आणतो असे त्याने सांगितले. तिसऱ्या दिवशी वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलने लिहिलेली सात कडवी त्याने माझ्या टेबलावर ठेवली. त्यांत वाघ दोनदा आला होता, दोन्ही वेळा पाठमोरा.