लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापताना : माझा अनुभव

पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचे ३० गुंठे गवताचे रान आहे आणि गोठ्यात दोन म्हशी आहेत. नवरात्राच्या सुमारास पावसाची उघडीप बघून गवत कापायला लागायचे आणि दिवाळीपर्यंत वाळलेल्या गवताची व्हळी रचून टाकायची, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, आजही उकिडव्या बसून विळ्याने एकेक मूठ कापत पुढे सरकतात. मला मात्र गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तसे बसणे अशक्य झाले. एका हंगामात भाड्याने ब्रश कटर आणून पाहिला. रान मोकळे झाले, पण गवताचे तुकडे चहूकडे उडाले, पेंढी बांधण्याजोगे काही उरले नाही आणि म्हशींनी ती पेट्रोलच्या वासाची वैरण तोंडातही घेतली नाही. तेव्हा उभ्याने गवत कापण्याचा लांब दांड्याचा विळा, म्हणजे युरोपातील शेतकरी वापरत आलेला सायथ, मिळवायचा असे मी ठरवले.

या अवजाराची पाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. इंग्लंड-अमेरिकेकडील जुने पाते जड आणि कडक पोलादाचे असते व त्याला दगडी चाकावर धार लावतात. ऑस्ट्रियाकडील पाते ठोकून पातळ केलेले, हलके आणि किंचित खोलगट असते. त्याची कड गार असतानाच हातोडीने ठोकून पातळ करायची आणि वर ओला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, फिरवायचा. वजन कमी आणि धारेसाठी यंत्राची गरज नाही, म्हणून मी दुसरा प्रकार निवडला. पाते जितके लांब तितके काम जास्त, असा हिशेब करून मी पहिल्यांदा ७५ सेंटीमीटरचे पाते मागवले, आणि तिथेच चूक झाली. सपाट मोकळ्या कुरणासाठी ते उत्तम असते, पण आमचे रान टप्प्याटप्प्याचे, बांधाबांधाला जांभ्याचे दगड. दुसऱ्याच दिवशी गवतात लपलेल्या दगडावर टोक आदळले आणि कडेला खाच पडली.

ते पाते घेऊन मी जवळच्या एका लोहाराकडे गेले. त्याने गावच्या विळ्याला करतात तेच केले. भात्यासमोर कड लाल होईपर्यंत तापवली, ठोकली आणि पाणी दिले. पाते दिसायला नीट झाले, पण त्याची लवचीकता गेली, पोट वाकडे झाले आणि पुन्हा ते जमिनीवर सपाट बसले नाही. हे पाते विस्तवात घालायचे नसते, ही गोष्ट मला एक पाते गमावून कळली. त्यानंतर मी ५५ सेंटीमीटरचे पाते घेतले आणि ते आजवर टिकले आहे.

दांड्याने मात्र पात्याहून अधिक वेळ घेतला, आणि माझ्या मते निवडीचा खरा कस तिथेच लागतो. माझी उंची ५ फूट १ इंच. तयार दांडा उंच माणसासाठी होता, त्यामुळे कापताना खांदे वर चढायचे. शेवटी सुतारमामांकडून धामणीच्या लाकडाचा दांडा करून घेतला, कारण धामण चिवट आणि लवचीक असते. दांडा शेजारी उभा धरला की खालची मूठ खुब्याच्या सांध्याशी यावी आणि वरची मूठ तिथून एक हात अंतरावर असावी. हा ‘हात’ म्हणजे आपलेच जुने माप, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तेही ज्याने कापायचे त्याचेच. मामा पट्टी काढू लागले, तेव्हा मी म्हटले, “मामा, माप माझ्या हाताचं घ्या.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरोबर हाय वहिनी, राबणार तुमीच न्हवं.”

पाते दांड्याला कडी आणि दोन स्क्रूंनी आवळले जाते. त्याचा कोन तपासण्यासाठी दांड्याचे वरचे टोक एका जागी टेकवून पात्याच्या बुडाशी भिंतीवर खूण करायची, मग वरचे टोक न हलवता पाते फिरवून त्याचे टोक त्या खुणेपाशी आणायचे. ते खुणेच्या दोन-तीन बोटे खाली यायला हवे. कोन फार उघडा राहिला तर पाते गवतात अडकते.

धार काढणे शिकायला मला पूर्ण हंगाम लागला. लाकडाच्या ओंडक्यात अरुंद तोंडाची छोटी ऐरण ठोकून बसवायची, पात्याची कड तिच्यावर टेकवायची आणि मधून कडेकडे ओढल्यासारखे हलके घाव एकाशेजारी एक घालत जायचे. घाव जोरात बसला की कड झालरीसारखी लाटदार होते. कड पुरेशी पातळ झाली का हे बघण्यासाठी ती अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबायची. कड नखावर जराशी लवताना दिसली की ठोकणे थांबवायचे. एवढे काम चार-पाच तासांच्या कापणीनंतर करावे लागते. रानात मात्र दर पाच-सात मिनिटांनी निसणा फिरवावाच लागतो. तो सतत ओला हवा, म्हणून प्लास्टिकची बाटली अर्धी कापून, तिच्यात पाणी आणि निसणा ठेवून ती मी कमरेला बांधते.

कापणी पहाटे, दहिवर असताना करावी. ओले गवत पात्यापुढे उभे राहते, वाळलेले नुसते वाकते. पाते जमिनीला टेकवूनच उजवीकडून डावीकडे कमानीत फिरवायचे आणि परत नेतानाही उचलायचे नाही. हाताने हाणायचे नसते. पाय थोडे फाकवून कंबरेपासून वळायचे आणि दर फेऱ्याला चार बोटेच पुढे घ्यायची. पहिले काही दिवस मी कोयता मारावा तसे मारत होते आणि पाते मातीत रुतत होते. धार लागली आणि जोर कमी केला, तेव्हा पात्याचा आवाज बदलला, कापड फाडल्यासारखा लांब आणि सलग. घोणस असते म्हणून गमबूट घालते आणि पाते चालू असताना चार-पाच मीटरच्या आत कुणाला येऊ देत नाही. बांधाच्या दगडांलगतची पट्टी आणि घाणेरीची झुडपे या पात्याला द्यायची नाहीत; ती अजून आत्तींच्या विळ्याकडे आणि कोयत्याकडेच आहेत.

कुसळ धरण्याआधी, गवत फुलोऱ्यात असताना कापले की वैरण मऊ राहते, म्हणून गेल्या वर्षी मी नवरात्राची वाट पाहिली नाही, उघडीप मिळताच सुरुवात केली. आता एक गुंठा कापायला मला साधारण अर्धा तास लागतो. कापलेले गवत डाव्या बाजूला ओळीने पडते, सगळ्या काड्यांची तोंडे एकाच दिशेला. आत्ती मागून येतात, त्या ओळीतून कवळ उचलतात, काड्या जुळवण्यात वेळ न घालवता आळा आवळतात आणि पेंढी उन्हाकडे सरकवतात.