‘जतन क…’

बटणावर आज एवढंच दिसलं. अँड्रॉइड फोन तोच, ॲप तेच. काल तिथे ‘जतन करा’ अख्खं मावत होतं. मधल्या काळात फक्त सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले साइज’ वाढवला गेला.

स्क्रीन १०८० पिक्सेल रुंद, आणि ती काही बदललेली नाही. पण डिस्प्ले साइज वाढवला की घनता, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल धरायचे तो आकडा, वाढते. ती ४२० होती तेव्हा तीच रुंदी ४११ डीपी (घनतेनुसार पिक्सेलमध्ये बदलणारं अँड्रॉइडचं माप) भरत होती. ४८० झाल्यावर ३६० डीपीच उरली. सूत्र साधं: पिक्सेल गुणिले १६०, भागिले घनता.

बटणाची रुंदी कोडमध्ये एकदाच पिक्सेलमध्ये काढून प्रेफरन्सेसमध्ये (ॲपच्या कायम राहणाऱ्या नोंदींत) साठवलेली. ९६ डीपी म्हणजे तेव्हा २५२ पिक्सेल. नव्या घनतेला २८८ हवेत. अक्षरं एसपीमध्ये (डीपीसारखंच, पण अक्षरांसाठीचं माप), ती मोठी झाली. बटण जुन्याच मापात अडकलं.

घनता हा फोनचा कायमचा गुण नाही. अँड्रॉइड ७ पासून ती वापरणाऱ्याच्या हातात आहे. म्हणून साठवायचं तर डीपी साठवा, पिक्सेल दर वेळी त्या क्षणीच्या डिस्प्लेमेट्रिक्सवरून (अँड्रॉइड स्क्रीनची घनता जिथे सांगतं तिथून) काढा. आणि मुळात मजकुराच्या बटणाला ठरावीक रुंदी कशाला? रॅप कंटेंट (मजकुराला लागेल तेवढी रुंदी) ठेवा, किमान उंची ४८ डीपी द्या.

तपासायला दोन मिनिटं पुरतात: फोन जोडलेल्या कॉम्प्युटरवरून ‘एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी ४८०’ ही आज्ञा द्या, सगळे स्क्रीन फिरून बघा, मग त्याच आज्ञेत आकड्याच्या जागी ‘रीसेट’.

डिस्प्ले साइज वाढवतं कोण? ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही ते. नेमकं त्यांच्याच समोर अर्धवट बटण यावं?

तुमच्या ॲपमध्ये हे कधी तपासलंय का?