पाकिटावर कुणी बोलत का नाही?

आमच्या चर्चच्या मंडळीत दारूवर बोललं जातं, तंबाखूवर बोललं जातं, लग्नात डीजे लावला तर त्यावरही पाळकसाहेब बोलतात. निवडणुकीच्या आदल्या रात्री घरोघर पोचणाऱ्या पाकिटाबद्दल मात्र मी आजवर उपदेशात एक शब्द ऐकलेला नाही. हे मला फार दिवसांपासून खटकतंय, म्हणून आज लिहायला बसले.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणूक आली की आमची ड्यूटी ठरलेलीच. कोणत्याही पक्षाबद्दल इथे लिहिणार नाही. नोकरीच्या नियमात ते बसत नाही, आणि माझं म्हणणंही पक्षाबद्दल नाहीच.

मागच्या एका स्थानिक निवडणुकीत आमच्या वस्तीत पाकिटं आली. वाटणाऱ्या पोरांच्या हातात मतदार यादी होती. घरात मतं किती, तेवढी पाकिटं, आणि नावापुढे पेनाने टिक. शेजारच्या मावशींनी घेतलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीचं आलं, तेही घेतलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, त्यांच्या खिशातले थोडेच आहेत? आपलेच पैसे आहेत ते. दोघांचे घ्यायचे आणि मत आपल्या मनाला येईल त्याला द्यायचं."

हे वाक्य मी देवळात जाणाऱ्यांकडून ऐकलंय, चर्चमध्ये जाणाऱ्यांकडून ऐकलंय, आणि शिकल्यासवरलेल्यांकडून तर जास्तच. ऐकायला ते हुशारीचं वाटतं. पण हो म्हणून पैसे घेतले आणि मत दुसऱ्याला दिलं, तर आपण खोटं बोललो. शब्द पाळला, तर मत विकलं. यातून सुटायची तिसरी वाट नाही. बायबलमधल्या निर्गमाच्या 23 व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की लाच घेऊ नको, ती डोळसालाही आंधळं करते. तिथे आज्ञा घेणाऱ्याला केलेली आहे. आपला कायदाही तसाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या 170 व्या कलमात मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार धरलेत, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मावशींना एकट्यांना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्या पैशांत सिलेंडर आला आणि नातवाचा क्लास भरला गेला. त्यांच्यापुढे बसून कलम वाचून दाखवायला जीभ उचलत नाही. मला राग येतो तो पाकीट पाठवणाऱ्याचा, आणि त्याहून जास्त आपला. कारण तोच माणूस नाताळच्या कार्यक्रमाला आला की आपण त्याला पहिल्या रांगेत बसवतो, शाल घालतो, दोन शब्द बोलायला माइक देतो. दारू पिणाऱ्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीपासून, लांब ठेवतो आणि वस्तीच्या वस्ती विकत घेणाऱ्याला पुष्पगुच्छ देतो. ही कुठली नीती? काही मंडळ्यांत तर चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या निवडणुकीतही जेवणावळी उठतात. तिथेच गप्प बसलो तर बाहेर कोणत्या तोंडाने बोलणार?

दुसऱ्या टोकाला आमच्यातले फार भक्तिमान लोक आहेत. ते पाकीट घेत नाहीत, पण मतदानालाही जात नाहीत. राजकारण म्हणजे चिखल, आणि "आपले नागरिकत्व स्वर्गात आहे" असं प्रेषित पौलाने बायबलात लिहिलंय ना, असं ते म्हणतात. लिहिलंय खरं. पण हे पत्र त्याने कोणाला लिहिलं? फिलिप्पैच्या मंडळीला. आणि त्याच फिलिप्पै शहरात त्याच्याबाबतीत काय घडलं होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या 16 व्या अध्यायात आहे. चौकशी न करता त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चारचौघांत फटके मारले आणि तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की सोडून द्या यांना. पौल गुपचूप निघून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, आम्हाला उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं, असं त्याने ठणकावलं. आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं. स्वर्गाचं नागरिकत्व सांगणाऱ्या माणसाने जमिनीवरचं नागरिकत्व असं कडक वापरलं. मग आपण ते घरी बसून फुकट का घालवायचं?

आमच्या समाजाला हे मत काही फुकट मिळालेलं नाही. इंग्रजांच्या काळात, 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली मुंबई प्रांताच्या विधानसभेत भारतीय ख्रिस्ती लोकांसाठी तीन जागा वेगळ्या होत्या, आणि त्यांचे मतदारही वेगळे. स्वातंत्र्यानंतर ही सोय सोडून देण्याच्या बाजूने जे उभे राहिले, त्यांत ख्रिस्ती पुढारीच पुढे होते. बंगालचे हरेंद्र कुमार मुखर्जी संविधान सभेचे उपाध्यक्ष होते, मद्रासचे फादर जेरोम डिसूझा सभासद होते. आम्ही सगळ्यांसारखे नागरिक म्हणून मत देऊ, अशी ती भूमिका. 1949 मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडण्यात आल्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही एक टक्काही भरत नाही. म्हणजे आमचा गठ्ठा मोठा होऊन कुणाला घाबरवेल, ही शक्यताच नाही. राहतं ते एकेक मत. पाळकसाहेबांनी अमक्याला द्या असं सांगावं, हेही मला मान्य नाही. धर्माच्या नावाने मत मागणं कायद्याने भ्रष्ट आचरण आहे, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याची व्याप्ती आणखी वाढवली. कुणाला द्यायचं ते सांगू नका, विकू नका एवढं तर सांगा.

13 मे 2024 ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. सोमवार. म्हणजे साहित्य ताब्यात घ्यायला रविवारी जायचं, आणि उपासना चुकली. रात्री केंद्रावरच मुक्काम. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, किमान पन्नास मतं दाबून, चिठ्ठ्या मोजून, मग सगळं पुसून यंत्र शून्यावर आणायचं, सील करायचं. माझ्याकडे शाई आणि नोंदवही होती. दिवसभरात किती तऱ्हेची बोटं हातात येतात! ऊसतोडीने चिरलेली, मेंदीची, शेण लागलेली, थरथरणारी. एका आजीबाईंनी नातीला हाताशी धरून विचारलं, "बाई, मी कोणाला दिलं ते त्यांना कळतं का गं?" मी सांगितलं, नाही कळत, चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पेटीत पडते. आजींनी मान डोलावली, पण त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. माणसाचं मत कळत नाही, पण केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात. आमच्या वस्तीसारखी वस्ती एकाच केंद्रावर असली की "तुमच्या बूथवर आम्हाला किती पडली ते माहीत आहे" असं ऐकवता येतं. पाण्याचा टँकर त्या आकड्यावर थांबतो. अशा गरिबाच्या पाठीशी मंडळीने उभं राहायचं नाही, तर कोणी?

संध्याकाळी सहाला दार लावताना रांगेत जे उभे असतात, त्यांना केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या देतात, म्हणजे मध्ये कोणी घुसत नाही. त्या दिवशी रांगेच्या शेवटी वीटभट्टीवरची माणसं होती, अंगावरची धूळ तशीच. पाकीट मिळालं होतं की नाही, मला माहीत नाही. पण दिवसभर भट्टीवर राबून ती पायी आली होती.

पंच कमिटीपुढे मी दोन गोष्टी मांडल्यात. निवडणूक जाहीर झाली की एका रविवारी लाचेवर उपदेश व्हावा, आणि निवडणुकीच्या काळात कोणत्याही उमेदवाराला चर्चच्या आवारात सत्कार मिळू नये. पहिलीला पाळकसाहेब लगेच हो म्हणाले. दुसरीवर वाद झाला, कारण आवाराच्या भिंतीला मदत कोणी केली होती हे सगळ्यांना माहीत आहे. विषय पुढच्या बैठकीत परत येणार आहे आणि मी तो सोडणार नाही.

तोवर एवढं करते आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर मी बाहेरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसेन. अठरा पूर्ण झालेल्यांनी मतदार यादीत नाव घालायच्या नमुना 6 या अर्जासाठी फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा आणावा. आता जानेवारीपर्यंत थांबावं लागत नाही. वय मोजायला 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. सासरी आलेल्या सुनांनी आणि घर बदललेल्यांनी नमुना 8 भरायचा. मावशी, तुमच्या सुनेचं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे, तिला घेऊन या.