रियाधमधली आमची हिशेबाची वाटचाल

१ जानेवारी २०१८ला सौदी अरेबियात पहिल्यांदाच ५ टक्के व्हॅट लागू झाला आणि रियाधच्या छोट्या दुकानदारांची धांदल उडाली. वही-कॅलक्युलेटरवर ज्यांचं भागत होतं, त्यांना आता दर तिमाहीला विवरणपत्र भरायचं होतं. मी साताऱ्याची, बी.कॉम. झालेली. एका सौदी बाईंबरोबर भागीदारीत, रीतसर परवाना काढून, आम्ही हिशेब लिहून द्यायचं काम सुरू केलं.

पहिल्या जाहिरातीला आलेले अर्ज पाहून मी थक्क झाले. अकाउंटिंगची पदवी, उत्तम गुण, आणि तीन-चार वर्षं घरी. कारण एकच: येणार कशी? बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती, आणि ड्रायव्हर ठेवायचा तर पगार त्यातच संपायचा. आमच्याकडे कामाला लागलेली पहिली मुलगी भावाच्या सवडीने यायची. त्याची परीक्षा असली की आमचं टेबल रिकामं.

काम मात्र चोख. अरबी पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. हाताने लिहिलेल्या बिलांवर माझी नजर अडायची. ती बोट फिरवत झरझर वाचून जायची.

२४ जून २०१८ला बंदी उठली. तिला लायसन मिळायला पुढे बरेच महिने गेले. अखेर एका रविवारी ती स्वतः गाडी चालवत आली, किल्ली टेबलावर ठेवली आणि नेहमीसारखी फाइल उघडली. भागीदार बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांना कहवा आणि खजूर दिले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांना सरकारच्या ‘वुसूल’ योजनेचा आधार झाला. त्यात नोकरदार सौदी स्त्रियांच्या टॅक्सीभाड्याचा वाटा मिळतो.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. सौदी कर्मचाऱ्यांचा कोटा भरण्यापुरती मुलींची नावं कागदावर लावायची, थोडे पैसे द्यायचे आणि घरी बसवायचं, असं काही ठिकाणी चालतं. तशीच एक आमच्याकडे आली. कागदावर दोन वर्षांचा अनुभव, पण लेजर, म्हणजे खातेवही, कधी उघडलेली नव्हती. तिला शेजारी बसवून सहा महिने शिकवलं. जुलै २०२०मध्ये व्हॅट १५ टक्के झाला, तेव्हा हार्डवेअरवाल्या गिऱ्हाइकांचे नवे हिशेब तिनेच लावून दिले.

एप्रिलअखेरीस विवरणपत्रांची घाई असते. तेव्हा संध्याकाळी उशिरापर्यंत ऑफिसखाली पाच गाड्या उभ्या दिसतात. त्यातल्या चार आमच्या मुलींच्या.