शार्ड बघितल्याशिवाय ब्लॉक नंबर वाचू नका, माझा अनुभव

माझ्या एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये थोडे ईजीएलडी पाठवले होते, म्हणजे मल्टिव्हर्सएक्स या ब्लॉकचेनचं नाणं, या ब्लॉकचेनला आधी एलरॉण्ड म्हणायचे. पहिल्यातून पैसे कापले गेले आणि दुसऱ्यात काहीच नाही, स्टेटस पेंडिंग. जीव वरखाली व्हायला लागला म्हणून एक्सप्लोरर (ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) उघडला, तर ब्लॉकच्या, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यांच्या, लिस्टमध्ये नंबर मागेपुढे दिसत होते, एका ओळीत मोठा, खालच्या ओळीत लहान, परत मोठा. मला वाटलं मधले ब्लॉक गायब झालेत की काय.

मग नंबरच्या शेजारचा शार्डचा कॉलम नीट बघितला. शार्ड म्हणजे ब्लॉकचेनचा एक भाग. तिथे शार्ड 0, 1, 2 आणि त्यांच्या ब्लॉकची नोंद ठेवणारी मेटाचेन अशा चार साखळ्या एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीची मोजणी वेगळी, त्यामुळे एकाच नंबरचे चार ब्लॉक असू शकतात. नुसता ब्लॉक नंबर सांगून काही उपयोग नाही, शार्ड पण सांगावा लागतो. एका शार्डचा फिल्टर लावला आणि नंबर एकदम सरळ क्रमाने आले, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

राउंड आणि ब्लॉक नंबरमधला फरक पण तेव्हाच कळला. राउंड म्हणजे एक ब्लॉक बनवायला ठरवलेला वेळ. तेव्हा तो 6 सेकंदांचा होता, म्हणजे दिवसाला 14400, आणि एखाद्या राउंडमध्ये ब्लॉक बनलाच नाही तरी राउंड पुढे सरकतो पण ब्लॉक नंबर तिथेच थांबतो, म्हणून राउंडचा आकडा मोठा दिसतो.

पण खरी गंमत मिनीब्लॉकमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या व्यवहारांच्या छोट्या गठ्ठ्यात आहे, एक्सप्लोररवरचं त्याचं पान सगळ्यांनी एकदा तरी उघडून बघावं. माझं पाठवणारं वॉलेट शार्ड 1 मध्ये आणि घेणारं शार्ड 2 मध्ये होतं, आणि मिनीब्लॉकच्या पानावर दोन्ही शार्ड आणि दोन्हीकडचे ब्लॉक दिलेले असतात. आधी शार्ड 1 च्या ब्लॉकमध्ये पैसे कापले जातात, मग मेटाचेन त्या ब्लॉकची नोंद घेते, आणि त्यानंतरच शार्ड 2 तोच मिनीब्लॉक आपल्या ब्लॉकमध्ये घेऊन पैसे जमा करतो. मी नेमका मधल्या वेळात बघत होतो! थोड्या वेळाने रिफ्रेश केलं तर घेणाऱ्या बाजूचा ब्लॉक पण आला आणि स्टेटस सक्सेस.

आपलं वॉलेट कुठल्या शार्डमध्ये हे पब्लिक की च्या (ज्यापासून पत्ता बनतो त्या लांबलचक आकड्याच्या) शेवटच्या बिट्सवरून ठरतं, पण erd1 ने सुरू होणाऱ्या पत्त्याची शेवटची अक्षरं बघून ते कळत नाही कारण ती चेकसमची, म्हणजे पत्ता टाइप करताना झालेली चूक पकडण्यासाठीची असतात, पत्ता हेक्समध्ये (0 ते 9 आणि a ते f वापरणाऱ्या आकड्यात) बदलावा लागतो. त्यापेक्षा एक्सप्लोररवर पत्ता टाका, शार्ड समोरच लिहिलेला असतो. आता कोणी पेंडिंगचा स्क्रीनशॉट पाठवला की मी आधी दोन्ही पत्त्यांचे शार्ड विचारतो.