उलटा करून

बाजाराच्या दिवशी चौकात जुन्या कपड्यांचा ढीग पडतो. तिथं शर्ट हातात आला की मी तो आधी उलटा करतो. रंग, चौकड्या, कॉलर हे सगळं नंतर. परवा भर दुपारी विकणारा डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसला होता, माझा उद्योग बघून म्हणाला, "भाऊ, घालाचा हाय का सोलाचा?"

सोलायचाच असतो. त्यातल्या एका निळ्या शर्टाच्या बगलेत काळ्या दोऱ्याचा धावदोरा निघाला. माझ्याआधी कोणीतरी तो हातानंच आत घेतला होता. काखेपाशी टाके बारीक, नेटके. कमरेकडे येता येता लांबच लांब. चुलीवर काहीतरी उतू जात असावं. मी भाव न करता तो शर्ट घेतला.

विदर्भातल्या शाळा २६ जूनला उघडायच्या, बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून. ऊनच तसं. त्याआधीचे दिवस आमच्या घरी आईच्या पायमशीनचे. नागपूरच्या मामेभावाचे उतरलेले शर्ट मला, माझे धाकट्याला, आणि धाकट्याचे पार झिजले की गोधडीत. खाकी हाफपँट मात्र माझी माझीच, दरवर्षी थोडी खाली सोडलेली. दुमड उसवली की आत न उडालेला खाकी निघायचा आणि मांडीवर गडद पट्टा दिसायचा. कोणाची पँट कितव्या वर्षात आहे हे वर्गात अख्ख्या बाकाला त्या पट्ट्यांवरून कळायचं. मी कुरकुरलो की आजी आतून म्हणायची, "वाढीचं पोरगं आहे, ठेव अजून माया. पुढच्या साली लागन." माया म्हणजे शिवणीत आत राखलेलं जादा कापड.

खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बाबांच्या शर्टाची कॉलर उलटणं. दाढीचं पातं कागदातच मोडून अर्धं करायचं. त्या अर्ध्या पात्यानं कॉलर आणि पट्टी यांच्यामधली टीप एकेक टाका सोडवायची, कापडाला पातं लागू न देता. सुटलेली कॉलर उलटी करायची, म्हणजे मानेशी घासून विरलेली बाजू खाली जाते आणि कोरी वर येते. मध्यावर मध्य जुळवून टाचण्या लावायच्या, जुन्या भोकांच्या रेषेवरूनच टीप मारायची. शर्टाला आणखी दोन-तीन वर्षं मिळाली. बाबांना फरक कळत नसे, किंवा कळूनही ते बोलत नसत.

मी हे सगळं बघूनच शिकलो. आत घेताना आधी नवी टीप मारायची, मगच जुनी उसवायची. जाड कापडाला सोळा नंबरची सुई. धुतल्याशिवाय मापाला हात लावायचा नाही. काज अजून जमत नाही. ओसरीवर मशीन घेऊन बसलो की येणारे-जाणारे हटकतात, "काऊन गा, वहिनी नाही का घरी?" वहिनी घरीच असते. तिला शिवणाचा कंटाळा आहे.

ढिगातले हल्लीचे कपडे उलटे केले की चीड येते. टेलरनं शिवलेल्या पँटीला मागच्या शिवणीत दोन्हीकडून चांगलं इंच-दीड इंच कापड असायचं, कंबरपट्टीसुद्धा मागं मधोमध जोडलेली, म्हणजे सोडायला सोपी. कारखान्याच्या कपड्यात कडेच्या ओव्हरलॉक शिलाईच्या लगत सगळं छाटलेलं. असा कपडा आत घेता येतो, सोडता येत नाही. घालणारा आता वाढणार नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं.

आतल्या लेबलावर कधी कधी 'शंभर टक्के कॉटन' आणि परक्या देशाचं नाव असतं. आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वेत बसून कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबई, पुढं बोटीनं मँचेस्टर. गाडी बंद पडली, कापूस पिकतोच आहे, भावाचं काय ते विचारू नका. पण ते असो.

बाबांचं दुखणं सुरू झाल्यावर आई त्यांच्या पँटींची कंबर आत घेत गेली. आधी बोटभर, मग दोन बोटं. आतलं कापड इतकं साचलं की खुर्चीत बसताना टोचायचं. पाहुणे उठून गेले की बाबा कूस बदलायचे. मी एकदा म्हटलं, "आई, काप ना ते. किती जाड झालंय."

"भरले अंगानं तं?" ती म्हणाली, आणि त्या जाडीवरूनच हातानं तुरपाई घातली.

बाबा काही भरले नाहीत.