एसडी-१४ : दुसरा होल्ड उघडाच ठेवतोय

एसडी-१४ या मालवाहू जहाजाचं १:२०० चं मॉडेल आता जहाजासारखं दिसायला लागलं आहे. लांबी ७०.५ सेंटिमीटर, रुंदी १०.२. नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, वळणं घासण्यात दोन रविवार गेले, पुटी तीनदा लावली.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. महायुद्धातली लिबर्टी मालवाहू जहाजं साठच्या दशकात थकली, तेव्हा त्यांच्या जागी स्वस्त आणि साधं जहाज द्यायचं म्हणून इंग्लंडमधल्या संडरलंडच्या ऑस्टिन अँड पिकर्सगिल या जहाजबांधणी कंपनीने हे डिझाइन आणलं. एसडी म्हणजे शेल्टर डेक, १४ म्हणजे १४,००० टन. पहिलं जहाज ‘निकोला’, १९६८ च्या फेब्रुवारीत मालकाच्या ताब्यात गेलं. पुढे ग्रीस, ब्राझील, अर्जेंटिनातही परवान्यावर बांधणी झाली आणि आकडा दोनशेच्या वर गेला.

लिबर्टीत इंजिन मधोमध. तीन होल्ड (माल भरायच्या कोठ्या) पुढे, दोन मागे. इथे चार पुढे आणि एकच मागे. त्या पाचव्या होल्डच्या तळातून पंख्याचा शाफ्ट बोगद्यातून जातो. बाहेरून दिसणार नाही, तरी तो बोगदा मी केलाच.

खरा जीव मात्र ट्वीन डेकमध्ये, म्हणजे होल्डला आडव्या विभागणाऱ्या मधल्या डेकमध्ये आहे. म्हणून दुसऱ्या होल्डची डावी बाजू कापून उघडी ठेवली. खाली पोत्यांची थप्पी, वर लाकडी पेट्या. हा मधला डेक नसता तर पेट्यांचं सगळं ओझं पोत्यांवर आलं असतं. आणि त्याची झाकणं उघडी ठेवली की तोच होल्ड तळापर्यंत मोकळा. सुटं धान्य भरा. एकच जहाज इतक्या तऱ्हेचा माल नेतं ते यामुळे.

पहिल्या खेपेला हा डेक मी बरोबर निम्म्या उंचीवर चिकटवला होता. ड्रॉइंग पुन्हा पाहिलं तर खालचा होल्ड चांगला खोल, वरचा भाग उथळ. उचकटून काढताना दोन फ्रेम मोडल्या. नव्या घालून आता नीट बसलाय.

या आठवड्यात डेरिक, म्हणजे माल उचलायच्या याऱ्या घेतल्या. त्यांचे बूम (लांब दांडे) एक मिलिमीटरच्या पितळी सळीचे. जोडीतला एक हॅचवर (होल्डच्या तोंडावर), दुसरा धक्क्याच्या बाजूला बाहेर काढून बांधलेला, आणि दोघांचे दोर एकाच हुकाला. पहिली विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) माल वर ओढते, दुसरी तो धक्क्याकडे घेते. बूम जागचे हलत नाहीत. क्रेन नसलेल्या बंदरात हेच जहाजाचे हात. हुकाखाली तिळाएवढी पेटी टांगली, आणि दोन्ही दोर ताणून इंग्रजी व्ही उभा राहिला तेव्हा बराच वेळ नुसतं बघत बसलो.

अडलंय एका ठिकाणी. इलॅस्टिक धागा जास्त ताणला की बूम आत झुकतात, सैल सोडला की झोळ पडतो. बूम आधी मागच्या ‘गाय’ने (बूम जागेवर धरणाऱ्या दोराने) पक्के बांधावेत की सगळे धागे एकदम ताणावेत? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. तोवर चौथ्या होल्डच्या हॅचकडे वळतो.